पांढरा दोरा

अंबड,
३ सप्टेंबर २०२३

चि. अंगद,

पत्र बघून चक्रावला असशील. पोस्टमनसुद्धा म्हणाला असेल, याला कोणी पत्र लिहिलं. अरे, मीच. तुझी बहीण शाळेत पोरांकडून महिन्याला एक पत्र लिहून घेते आणि स्वतः मात्र लग्न झाल्यापासून एकही लिहिलं नाही, म्हणून म्हटलं बघू हात चालतो का.

खरं कारण वेगळं आहे. गेल्या रविवारी फोनवर मी तुला तीन गोष्टी सांगितल्या. आईचा चष्मा बदलायचाय, दाजींची बदली टळली आणि मी दिवाळीला येतेय. फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "ताई, दिवाळीला येणार ना?" मी चिडले. तेव्हा तू म्हणालास, "तू बोलत राह्यलीस की शेवटाला येईपर्यंत सुरुवात निसटून जाती. कागदावर असलं तर मला मागं जाता येतं." ते माझ्या मनातून गेलं नाही. आजाराला चौदा वर्षं झाली, आणि एवढं साधं मला कधी सुचलं नाही.

तर आता दोन गोष्टी लिहून कळव. जालन्यातल्या डॉक्टरांनी परवा कसली तपासणी केली? दादाला विचारलं तर म्हणतो, "काही न्हाई, आकडे म्हणायला लावले." आणि दुसरं, आई फोनवर रडत होती. दादा तुला कुठल्या संस्थेत पाठवायचं म्हणतोय, हे खरं का?

तुझी,
शालूताई


पिंपळगाव रेणुकाई,
११ सप्टेंबर २०२३

ती. शालूताईस,

अंगदचा नमस्कार. तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा खाली येईपर्यंत वरचं गेलं. चार वेळा वाचलं तेव्हा सगळं बसलं. एकदा बसलं की मग ते निघत नाही. जालना ते मनमाड सगळी स्टेशनं मला अजून येतात. बदनापूर, करमाड, चिकलठाणा, पुढची पण. जुनं जात नाही. आत्ता ऐकलेलं जातं.

डॉक्टर आकडे सांगायचे आणि मी ते उलटे म्हणायचे. चार, नऊ, दोन म्हणाले. मी दोन, नऊ, चार म्हणालो. मग चार आकडे दिले आणि मी गप्प बसलो. आकडे दिसत होते, पण फिरवायला घेतले की पडायचे. डॉक्टर म्हणाले, काम करताना मनाला थोडा वेळ जे धरून ठेवावं लागतं, ते तुझ्याकडे कमी मावतं. मी म्हणालो, माझ्या हातात दोनच वस्तू मावतात, तिसरी घेतली की पहिली पडते. ते म्हणाले, बराबर.

वहिनीनं मला चहापत्ती, साखर आणि मीठ आणायला पाठवलं होतं. मी मीठ आणलं. वहिनी म्हणाली, "मुद्दाम करता का भाऊ?" मी मुद्दाम करत नाही, ताई. कोणी नसताना ऐकू यायचे ते आवाज आता येत नाहीत, वर्ष झालं. पंखा फिरतो तेव्हा फक्त पंख्याचाच आवाज येतो. पण हे विसरणं अजून तसंच आहे.

संस्थेचं खरं आहे. नगरकडं आहे, मनोरुग्णांची. दादा म्हणाला, "ह्या सीझनला बघतो. काम जमलं तर घरी राहा. न्हाई तर नाव टाकून ठेवलंय." मी त्याला दोष देत नाही. तो थकलाय.

काम म्हणजे शेडनेटमधलं. कंपनीचा मिरचीचा बियाण्याचा प्लॉट घेतलाय, बारा ओळी. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी धरायची, चिमट्यानं तिच्यातले नर, म्हणजे पुंकेसर, काढायचे आणि देठाला पांढरा दोरा बांधायचा. सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या जातीचा पराग लावायचा, पांढरा दोरा सोडायचा, लाल बांधायचा. पांढरा म्हणजे अर्धं काम. लाल म्हणजे झालं. ज्या मिरचीला लाल दोरा नाही ती आपोआप लागलेली, ती तोडून टाकायची. बाया गप्पा मारत मारत करतात. मला सातवी ओळ दिली आहे. मी पांढरे दोरे डाव्या खिशात ठेवतो, लाल उजव्या. तरी कधी कधी चिमटा हातात असतो आणि या कळीतले नर काढले की काढायचेत, हेच कळत नाही. मग मी ती कळीच तोडून टाकतो. कंपनीचा सुपरवायझर धर्मराज म्हणतो, "कळ्या लई वाया घालवतो हा." पण चुकीचा दोरा बांधण्यापेक्षा ते बरं.

डॉक्टरांनी शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली होती. ती तुला कळवायचीच, असं मी गाडीत बसल्यापासून ठरवलं होतं. आत्ता आईनं पाणी मागितलं, देऊन आलो, आणि ती गेली. आठवली की लिहीन.

तुझा,
अंगद


अंबड,
२० सप्टेंबर २०२३

चि. अंगद,

आज मी तुला एक गोष्ट सांगणार आहे आणि ती तू चार वेळा वाचायची आहेस.

तुझं पत्र मी शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच ठेवला. बी.एस्सी.ला वर्गात पहिला येणारा पोरगा आज मीठ आणि साखर यांच्यात अडकतो, हे मला सहन होत नाही. आमचे साहेबराव सर समोर बसले होते, त्यांना सांगितलं. त्यांचा मावसभाऊ असल्याच गोळ्या खायचा. ते म्हणाले, "मॅडम, आजारानं न्हाई, गोळ्यांनं होतं हे. माणूस पार ठोंब्या होतो." मग मी मोबाइलवर वाचलं. दोन दिवस तेच वाचत होते. तिथंही लोकांनी लिहिलंय की गोळ्यांनी डोकं जड होतं, सुस्ती येते, काही सुचत नाही.

तुझं डोकं गेलेलं नाही, अंगद. त्याला झोपवून ठेवलंय. आवाज जाऊन वर्ष झालं म्हणतोस, मग एवढी गोळी कशाला? रात्रीची दीड गोळी आहे ना, ती एक कर. पंधरा दिवस बघ. डॉक्टरांशी मी बोलून घेते. दादाला सांगू नकोस, तो उगाच आरडाओरडा करील आणि त्याला ते संस्थेचं निमित्तच होईल.

तुला हा सीझन जिंकायचाय. मला माझा जुना भाऊ पाहिजे. मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे, माझं ऐक.

तुझी,
शालूताई


पिंपळगाव रेणुकाई,
५ ऑक्टोबर २०२३

ती. शालूताईस,

तुझं पत्र चार वेळा नाही, बरेच वेळा वाचलं. सांगितलंस तसं केलं. अर्धी गोळी मोडून उरते ती काडेपेटीत ठेवतो.

अंग हलकं वाटतं. सकाळी जल्दी जाग येते. बाया यायच्या आधी मी शेडनेटमध्ये असतो. दादानं आठवी ओळ पण दिली. आईला म्हणाला, "ह्यावेळी पोरगं बराबर चाललंय." आई देवीला नारळ फोडून आली.

विसरायचं मात्र गेलं नाही. काल लाल दोरा बांधला आणि पराग लावलाच नव्हता. तिथं मिरची धरणारच नाही. परवा नर न काढताच दोरा बांधला होता, ते धर्मराजला सापडलं. ते जास्त वाईट, कारण ती मिरची लागली असती आणि बियाण्यात मिसळली असती. तो नुसता वहीत लिहीत होता आणि माझ्याकडं बघत होता. दोनदा बघितलं. तुझ्या मनाला काय वाटतं, तो वहीत काय लिहीत असेल?

तुझा,
अंगद


अंबड,
१३ ऑक्टोबर २०२३

चि. अंगद,

बघ, मी म्हटलं नव्हतं? आठवी ओळ! पत्र दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तुझा भाऊ तुझ्यापेक्षा स्पष्ट लिहितो.

विसरायचं हळूहळू जाईल. चौदा वर्षांची झोप पंधरा दिवसांत कशी उतरेल? आता एकची अर्धी कर. धर्मराजचं मनावर घेऊ नकोस, सुपरवायझर लोकांना बघायचाच पगार असतो. नवरात्रात आईला उपास करू देऊ नकोस.

इकडं परीक्षा आहेत, म्हणून एवढंच. दिवाळीला भेटू. करंज्या आणते, तुला आवडतात त्या जाड काठाच्या.

तुझी,
शालूताई


पिंपळगाव रेणुकाई,
३० ऑक्टोबर २०२३

ताई,

दोरे कोणीतरी बदलतं. मी लाल बांधतो आणि दुसऱ्या दिवशी तो दोरा माझ्या गाठीचा नसतो. माझी गाठ मला कळते. मी वहीत लिहून ठेवलं, सातवी ओळ, तेविसावं झाड, तीन लाल. सकाळी चार होते. धर्मराज म्हणतो बायांनी बांधला असेल. बाया हसतात. हसताना मध्येच माझं नाव घेतात.

पंख्याचा आवाज आता नुसता पंख्याचा नाही.

दोरे ओळीनं वाचले तर त्यात काहीतरी लिहिलंय. सगळं वाचायला गेलो की पहिलं निसटतं, म्हणून मला कळत नाही काय लिहिलंय. तू येशील तेव्हा वाच. तू शिक्षिका आहेस.

आईला सांगू नको.

अंगद


अंबड,
२० डिसेंबर २०२३

चि. अंगद,

तुला दवाखान्यातून घरी आणल्याचं दादाच्या फोनवरून कळलं. बरं वाटलं. गोळ्या आता आई स्वतःच्या हातानं देते, तेही बरं.

तू फोनवर विचारलंस की त्या दिवशी काय झालं, तुला तुकडेच आठवतात. तू विचारलंस म्हणून लिहिते, मनाला लावून घेऊ नकोस. धनत्रयोदशीच्या सकाळी बाया कामाला आल्या तर तू शेडनेटमध्ये कातरी घेऊन बसला होतास. बाराही ओळींचे सगळे दोरे तू कापले होतेस. समोर लाल दोऱ्यांचा ढीग होता आणि तू तो ढीग वाचत होतास. धर्मराज आला, आत पाच मिनिटं फिरला आणि दादाला म्हणाला, "आता कोणती मिरची आपली अन् कोणती आपोआपची, देवाला बी सांगता यायचं न्हाई." कंपनीनं सगळा प्लॉट उपटायला लावला. बायांची दोन महिन्यांची मेहनत होती. दादा बांधावर बसून राहिला. मी दुपारी करंज्यांचा डबा घेऊन पोचले, तेव्हाही तो तिथंच बसलेला होता. तिथूनच आम्ही तुला दवाखान्यात नेलं.

तू बरा झालास हे महत्त्वाचं, बाकीचं सोडून दे. संस्थेचं दादानं नक्की केलंय, दहा जानेवारीला गाडी येणार आहे. मी त्याच्याशी बोलले, पण तो ऐकण्याच्या पलीकडं आहे. तिथं वेळेवर जेवण असतं, डॉक्टर येतात, बागकाम असतं म्हणे. कदाचित तुला करमेलही.

एक काम कर. माझी पत्रं तुझ्याकडं असतील तर पाठवून दे. त्यात मी वहिनीबद्दल काहीबाही लिहिलंय, तुझ्यामागं कोणाच्या हाती लागायला नको. सगळी पाठव, विसरू नकोस. त्यात काय होतं ते तुला आता आठवतही नसेल, पण माझ्या जिवाला घोर लागतो.

तुझी,
शालूताई


पिंपळगाव रेणुकाई,
२ जानेवारी २०२४

ती. शालूताईस,

अंगदचा नमस्कार. तुझी पत्रं पाठवत आहे. चार आहेत. तारखेनं लावली आहेत. वहिनीबद्दल तू एकाही पत्रात वाईट लिहिलेलं नाही, फक्त तिचं मीठ आणि साखर एवढंच आहे, आणि तेही मीच कळवलेलं होतं.

ताई, मला आठवत नसेल असं तू लिहिलंस. तू शिकवतेस, तुला मी हे समजावून सांगायला पाहिजे होतं. माझ्याकडून आत्ता ऐकलेलं जातं. जे वीस वेळा वाचलं ते कसं जाईल? "आज मी तुला एक गोष्ट सांगणार आहे आणि ती तू चार वेळा वाचायची आहेस." तिथपासून "मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे, माझं ऐक" इथपर्यंत मला पाठ आहे. म्हणून दाखवू शकतो.

दवाखान्यात दादानं मला एका दमात विचारलं, "गोळ्या कवा बंद केल्या, कोणी सांगितलं, अन् दोरे का कापले?" माझ्या हातात दोनच मावतात. कवा, हे पडून गेलं होतं. कोणी, हे हातात होतं. तू दारात उभी होतीस. करंज्यांचा डबा तुझ्या हातात होता, तो तू खाली पण ठेवला नव्हतास. आई कॉटच्या पायथ्याशी बसलेली. मी तुझं नाव घेतलं असतं तर दादानं तुला या घरात पुन्हा येऊ दिलं नसतं. आई आठवडाभर तुझ्या फोनची वाट बघते. म्हणून मी म्हणालो, "मीच." ते खोटं पण नाही. गोळी माझ्याच हातानं मोडत होतो.

तू काहीतरी बोलशील असं मला वाटलं. तू बोलली नाहीस. मला तुझा राग आला. नंतर गेला. पुन्हा कधी कधी येतो.

डॉक्टरांनी सांगितलेली दुसरी गोष्ट आठवली. परवा आईनं गोळी हातावर ठेवली तेव्हा अचानक आली, म्हणून आधी हातावर लिहून घेतली. डॉक्टर म्हणाले होते, "हे विसरणं गोळीमुळं नाही, आजारातलंच आहे. कोणी काही म्हणालं तरी गोळी कमी करू नको. घरातल्या सगळ्यांना सांग." मी तुला सांगायलाच ते पहिलं पत्र लिहायला बसलो होतो. मध्ये आईला पाणी दिलं. तेवढ्यात ती पडली. त्यात तुझी चूक नाही. माझी पण नाही, असं डॉक्टर म्हणतील.

पत्रांना दोरे बांधले आहेत. तीन पत्रांना लाल. वीस सप्टेंबरच्या पत्राला पांढरा. त्याचं पुढं काय करायचं ते मला ठरवता आलं नाही. जाळावं असंही वाटलं, पण ते तुझ्या अक्षरातलं आहे.

मी दहा तारखेला जातो आहे. तिथं पत्र येऊ देतात का माहीत नाही. आई विचारते, किती दिवसांसाठी? रोज विचारते. तिला मी दर वेळी सांगतो. मला सोडून घरात दुसरं कोणीतरी तेच तेच विचारतं, याचं मला हसू येतं.

तुझा,
अंगद


अंबड,
७ जानेवारी २०२४

ती. दादास,

शालूचा नमस्कार. हे पाकीट भोकरदनच्या एसटीत कंडक्टर संपत यांच्याकडे देते आहे, आजच तुझ्या हातात पडेल. फोन केला असता, पण फोनवर मी गोष्ट फिरवीन. मला ते चांगलं जमतं, हे या दोन महिन्यांत मला कळलं.

सोबत माझं एक पत्र आहे, पांढरा दोरा बांधलेलं. वीस सप्टेंबरला मी अंगदला लिहिलेलं. ते आधी वाच आणि मग हे पुढे वाच.

वाचलंस? गोळी मी कमी करायला लावली. दीडची एक, एकची अर्धी. डॉक्टरांशी बोलते म्हणाले आणि बोलले नाही, कारण ते नाही म्हणतील हे मला ठाऊक होतं. त्यानं तीस ऑक्टोबरला लिहिलेलं पत्र माझ्याकडे दिवाळीच्या चार दिवस आधी पोचलं होतं. ते वाचून मी तुला फोन करायला पाहिजे होता. मी म्हटलं, आता जायचंच आहे, गेल्यावर बघू. करंज्या तळत बसले. दवाखान्यात तू विचारलंस तेव्हा मी दारात होते. तो "मीच" म्हणाला आणि मला सुटल्यासारखं वाटलं, दादा. भाऊ कॉटला बांधलेला होता आणि मला सुटल्यासारखं वाटलं. वर मी त्याच्याकडून माझी पत्रं परत मागवली, की तो विसरला असेल.

तुझा प्लॉट माझ्यामुळं गेला. बायांची मेहनत माझ्यामुळं गेली. तू मला दाराबाहेर उभं केलंस तरी माझी तक्रार नाही. पण शिक्षा म्हणून त्याला पाठवू नकोस, तो त्या शिक्षेचा धनी नाही. त्याला ठेवून घेणं तुला झेपत नसेल तर ते मला समजतं, तू चौदा वर्षं केलंस आणि मी लांबून शहाणपण सांगितलं. तसं असेल तर तो अंबडला येईल. दाजींना मी सगळं सांगितलंय. ते माझ्यावर चिडले, मग म्हणाले, मागची खोली रिकामी करू.

मी नऊ तारखेला येते. तोवर गाडीचं काही पक्कं करू नकोस. मी आल्यावर ते पांढऱ्या दोऱ्याचं पत्र तू आईसमोर, वहिनीसमोर मोठ्यानं वाच, मी समोर बसेन. आईला त्रास होऊ नये म्हणून तू मध्येच एखादं वाक्य गाळायला बघशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. गाळू नकोस. गाळलंस तर अंगद सांगेल, त्याला ते पाठ आहे.

तुझी,
शालू